प्लग काढणं सोपं आहे

गेल्या महिन्यात मी भाच्याच्या राऊटरचा प्लग ओढला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. आपा जेवायला हाका मारून थकली होती. "मामू, मी हीलर आहे. मी उठलो तर बाकीचे एकोणीस जण मरतील," तो म्हणाला. मला आधी हसू आलं, मग राग. प्लग काढल्यावर तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ते माझ्या भरवशावर होते."

या खेळांबद्दल आपल्याकडे एकच सूर ऐकू येतो: पोरं बिघडली, व्यसन लागलं. व्यसन खोटं आहे असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतला आहे. पण प्रत्येक खेळणाऱ्याला त्याच यादीत ढकललं की आपली जबाबदारी संपते, हीच खरी सोय आहे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ साली आला. २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. दरमहा पैसे मोजून हे लोक काय घेत होते? तिथे केलेल्या प्रत्येक कामाची नोंद होते आणि तुमची पातळी वाढलेली डोळ्यांना दिसते. मोठी लढाई एकट्याने जिंकता येत नाही. एकजण पुढे उभा राहून मार झेलतो, दुसरा त्याला बरं करतो, बाकीचे हल्ला करतात. एक चुकला की सगळे आडवे. म्हणजे तुमच्या असण्या-नसण्याने फरक पडतो.

आता बाहेर बघा. पदवी घेऊन पोरगा पन्नास ठिकाणी अर्ज करतो, उत्तर येत नाही. खोली शोधायला जातो, तर नाव ऐकताच जागा 'आत्ताच गेली'. खेळात त्याचं खरं नाव कुणी विचारत नाही.

नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या दुर्धर आजाराने २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. पोरगा खोलीत एकटाच राहिला, असं आईवडिलांना वाटत होतं. त्याच्या मृत्यूची बातमी कळताच या खेळातल्या मित्रांच्या ईमेल येऊ लागल्या. काहीजण तर परदेशातून अंत्यविधीला आले.

म्हणून कंपन्यांना मी सोडत नाही. या खेळांना शेवटचं पान नसतं. रोजची कामं, ठरावीक मुदतीची बक्षिसं, हे सगळं गैरहजर राहणाऱ्याला नुकसान वाटावं म्हणूनच रचलेलं असतं. माणसाच्या सोबतीच्या भुकेवर तिथे धंदा चालतो. पण ती भूक कंपनीने निर्माण केलेली नाही.

भाच्याशी आता करार झालाय: जेवण नऊला, खेळ आठवड्यातून दोन रात्री. करार पाळला जातोय, कारण त्याआधी मी दोन तास त्याच्या शेजारी बसून खेळ समजून घेतला.

प्लग काढायला एक सेकंद लागतो. पण ज्यांना आपली गरज आहे असे एकोणीस जण आपण या पोरांना बाहेर कुठे दिलेत?