मधुमालतीवरचा हरणटोळ

भिवंडीजवळच्या अंजूरहून एका भगिनीनं लिहिलंय : मागीलदारी मधुमालतीच्या वेलावर हिरवागार, दोरीसारखा बारीक साप दिसतो. सासूबाई म्हणतात, हा हरणटोळ. वरून झेप घेऊन टाळू फोडतो. त्या वेलच तोडायला निघाल्या आहेत. काय करू?

वेल तोडू नका, आणि सासूबाईंना हसूही नका. ही भीती फार जुनी आहे. श्रीलंकेत या सापाला 'अहेतुल्ला' म्हणतात, म्हणजे डोळे फोडणारा! गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी हेच सिंहली नाव उचलून हरणटोळांच्या अख्ख्या प्रजातीला देऊन टाकलं. तेही सरळ झालं नाही हं. लिनियसनं 1758 साली ज्याला 'अहेतुल्ला' म्हटलं, तो आज दक्षिण अमेरिकेतला साप मानतात. 1807 मध्ये लिंक यांनी ते नाव प्रजातीसाठी वापरलं. पुढे दीडशे वर्षं डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलाव्यात तशी नावं बदलत राहिली. जुन्या इंग्रजी ग्रंथांत आपला हरणटोळ 'ड्रायोफिस' म्हणून भेटतो. शास्त्रीय नावात पहिलं असतं ते घराण्याचं, दुसरं स्वतःचं. या सापाचं स्वतःचं नाव पुढे 'नासुटा', म्हणजे नाकाडा, असं रूढ झालं. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून तेही बदलतात, नाही का?

पण 2020 साली तेही गेलं. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अशोककुमार मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरणटोळांचे खवले मोजले, डीएनए तपासला. ठरलं असं, की खरा 'नासुटा' फक्त श्रीलंकेतला. आपल्याकडचे दिसायला सारखे, पण जाती निरनिराळ्या. मैदानी भागातला लांब नाकाचा तो 'ऑक्सिऱ्हिंका', सह्याद्रीच्या उत्तर भागातला 'बोरिॲलिस'. दुसरं नाव नवं, पहिलं 1825 चं, पुन्हा वर काढलेलं. तुम्हाआम्हाला लांबून फरक कळायचा नाही, आणि जवळ जायचं कारणही नाही.

आता टाळूचं. हरणटोळ माणसाची टाळू किंवा डोळे शोधत नाही. त्याचं लक्ष पाली, सरडे, बेडूक यांवर. त्याची बाहुली आडवी असते, त्यामुळे नाकासमोरचं अंतर त्याला नेमकं कळतं. डिवचलं तर तो अंग फुगवतो, तोंड वासतो, चेहऱ्याच्या रोखानं झेपावतोही. वेल आपल्या डोक्याच्या उंचीवर, म्हणून तो डोक्याशीच दिसायचा! विष सौम्य, विषाचे दात जबड्यात मागे. चावल्यास बहुधा थोडी सूज आणि दुखणं एवढंच. तरी कुणाला हिरवा साप चावला तर 'हरणटोळच असेल' म्हणून घरी बसू नका. डोंगराकडे चापडाही हिरवाच असतो, आणि तो चांगलाच विषारी. त्याचं डोकं रुंद, तिकोनी आणि अंग जाड. चावलेल्या जागी दोरी न आवळता सरळ दवाखाना गाठावा.

वेल मात्र खिडकीच्या गजांपासून हातभर छाटून ठेवा. फुलं तोडण्याआधी लांब काठीनं फांद्या हलवा, तो आपणहून सरकेल. मुलांना तिकडे एकटं पाठवू नका. आणि सासूबाई अंडी शोधत असतील तर सांगा, हरणटोळ अंडी घालत नाही. त्याला थेट पिल्लंच होतात.