टर्बो बिचारा निर्दोष

धाकट्या भाच्याने जुन्या डिझेल गाडीत दुसरं इंजिन बसवलं. नवा इंजिन नंबर आरटीओत नोंदवला, सगळं रीतसर. पण गाडी चढाला दम टाकायची, मागे काळा धूर. मेकॅनिक म्हणाला, "टर्बो गेला." म्हणजे हजारोंचा खड्डा!

मी बी.ए. मराठीवाला, यंत्रातलं मला काय कळणार, असं ही म्हणतेच. तरी माझं मत असं की, पाकिटाआधी डोळे उघडावेत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर टर्बोचं चक्र फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरेसुद्धा घेतं, आणि हवा दाबून इंजिनात भरतं. वाटेत पाइप सैल असला की हवा बाहेर, डिझेल मात्र आत. मग अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होणारच. इंजिन बदलताना हेच पाइप काढून पुन्हा जोडतात, मग पहिला संशय तिथेच नको का? वर्गात खडू सापडेना की मी मुलांना ओरडण्याआधी स्वतःचा खिसा चाचपत असे. (नेहमी नाही!)

शेवटी इंजिन बंद ठेवून पाइपात बेताची हवा भरली, जोडांवर साबणाचं पाणी लावलं, पंक्चरवाल्यासारखं. इंटरकूलरपाशी बुडबुडे! क्लिप नीट आवळलीच नव्हती. नवी चाळीस रुपयांना आली.

मेकॅनिक अजून म्हणतो, "काका, टर्बो एकदा बघून घ्याच."