आशाताईंनी स्वतःसाठी कधी गायचं?

पालकहो, आपल्या गडहिंग्लज तालुक्यात आशाताई कुणाला ठाऊक नाहीत? 2005 साली देशात ही योजना सुरू झाली. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, कोरोनात दारोदार सर्वेक्षण, सगळं त्यांच्याच पायांवर. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनंही त्यांचा गौरव केला.

कला तर आपण त्यांच्याकडून करून घेतोच की! पोषण माहात रांगोळी, जनजागृतीचं गाणं. पण विषय खात्याचा आणि फोटो अहवालासाठी. डोळ्यांदेखत एखादं बाळ गेलं, तर ते दुःख ती कुठं मोकळं करणार?

आपल्या आज्या ते जात्यावर करायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जमवलेल्या लाखभर ओव्या त्याची साक्ष आहेत. तिथं परीक्षक नव्हता.

शिक्षक मित्रांनो, शनिवारी दुपारी आपले वर्ग रिकामेच असतात. महिन्यातली एक दुपार आशा आणि अंगणवाडीताईंना देऊया. रंग, कागद, ढोलकी ठेवू. विषय नको, नंबर नको, फोटो तर नकोच. झिम्मा खेळू देत, नाहीतर नुसतं बसू देत. मानधन वेळेवर मिळायलाच हवं, त्याला हा पर्याय नव्हे. फक्त त्या दोन तासांत मोबाइलवर कुणी माहिती मागवू नये, एवढं वरच्या साहेबांना आधी सांगून ठेवावं लागेल.