अपील करायचं तर आधी कारण लिहा

दहा लाख रुपयांचा वाढीव मोबदला जमिनीचा ताबा घेतल्यापासून दहा वर्षं थकला, तर त्यावर सरकारला १४ लाख ४० हजार रुपये व्याज द्यावं लागतं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ खाली न्यायालयं हे व्याज लावत आली : पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के. २०१३ च्या नव्या कायद्यातही व्याजाचे दर तेच आहेत. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज मोठं, आणि ते भरायचं करदात्यांच्या पैशातून. तरीही दिवाणी न्यायालयाने मोबदला वाढवला की उच्च न्यायालयात अपील, हा सरकारी खात्यांचा शिरस्ता झाला आहे. तो मोडला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा हा सरकारने देऊ केलेला भाव असतो, हे पुण्यातल्या जमिनीच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं. खरी किंमत ठरते ती न्यायालयात. शेजारच्या गटांची खरेदीखतं, विहीर, फळझाडं, रस्त्यापासूनचं अंतर तिथे पुराव्याने तपासलं जातं, साक्षीदारांची उलटतपासणी होते. असा निकाल केवळ रक्कम वाढली म्हणून चुकीचा ठरत नाही.

अपिलाचा फटका एका खातेदारावर थांबत नाही. शेजाऱ्याच्या निकालाचा आधार घेऊन कोर्टात न गेलेले गावकरी जुन्या कायद्याच्या कलम २८-अ खाली अर्ज करतात, तेव्हा मूळ निकालावर अपील चालू असल्याने तेही अर्ज अडून राहतात. स्थगिती देताना उच्च न्यायालय रक्कम जमा करायला लावतं, पण ती उचलण्यासाठी पुष्कळदा बँक हमी किंवा जामीन मागितला जातो. जमीन गेलेल्या माणसाने तारण कशाचं द्यायचं? दरम्यान मूळ खातेदार वारतो, वारसांची नावं लावण्यात आणखी तारखा जातात. शेवटी दरखास्त दाखल होते आणि बेलीफ कार्यालयातल्या खुर्च्या-संगणक जप्त करायला येतो. अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत.

यावर हरकत घेतली जाते की संपादनाची कुणकुण लागताच फुगवलेली खरेदीखतं केली जातात आणि अपील सोडलं तर तिजोरी लुटली जाईल. ही भीती खोटी नाही. अशा प्रकरणात सरकारने अवश्य अपील करावं. मात्र त्या खरेदीखताचा खोटेपणा खालच्या कोर्टात उघड करायचा असतो. तिथे सरकारने साक्षीदारच उभा केला नसेल, तर ती उणीव अपिलात सहसा भरून निघत नाही. खरं दुखणं वेगळं आहे. अपील केलं तर अधिकाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, न केलं तर चौकशीची टांगती तलवार. म्हणून हा निर्णय एकट्या अधिकाऱ्यावर न टाकता समितीने घ्यावा. निकालात नेमकी चूक कुठे आहे आणि अपील हरल्यास व्याज किती वाढेल, हे तिने फायलीवर लिहावं. निदान निम्मी रक्कम खातेदाराला बँक हमीशिवाय उचलू देण्यास सरकारने कोर्टात स्वतःहून संमती द्यावी. उच्च न्यायालयात आज पडून असलेली अपिलंही विधी व न्याय विभागाने याच कसोटीवर तपासावीत आणि जी टिकणार नाहीत ती मागे घ्यावीत.