पुतळा आहे, पण गोष्ट?

आमच्या मुलुंडच्या वर्गातल्या एकाच्या शोकेसमध्ये स्पायडरमॅनचे सात पुतळे आहेत. "याचे काका कसे वारले रे?" विचारलं, तर गप्प! १९६२ च्या पहिल्याच कॉमिकमध्ये तो समोरून पळणाऱ्या चोराला अडवत नाही. तोच चोर पुढे काकांचा जीव घेतो. पुतळ्यात ताकद दिसते, ही चूक दिसत नाही. दिवाळीतल्या किल्ल्याचंही तेच. मातीचे मावळे आपण हौसेने मांडतो, पण किल्ला कोणता, तिथे कोण लढलं, हे मुलांना सांगतो का? पुतळे जरूर घ्या, माझी ना नाही. मात्र सोबत पुस्तकही आणा आणि पहिली चार पानं मुलाला जवळ घेऊन वाचा. पुढची पानं ते आपणहून उलटेल.