चकाचक तळं

परवा गावी गेले होते. काका मोठ्या अभिमानाने म्हणाले, "चल, तळं दाखवतो. एकदम चकाचक केलंय!" खरंच चकाचक होतं. कडेने काँक्रीट, रंगवलेली बाकडी, मधोमध कारंजं. कमळं, शिंगाड्याचे वेल, काठचं गवत... सगळं गणपतीच्या आधी मशीन लावून उपसलेलं. म्हणजे ऐन श्रावणात!

मी विचारलं, "आणि कमळपक्षी?"

"उडून गेले असतील की दुसरीकडे."

काका, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे. राग मानू नका, पण भांडण इथेच करते.

उडून जाणं मोठ्या पक्ष्याला जमतं, अंड्यांना नाही. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची वीण पावसाळ्यातच होते. ती दिमाखदार शेपटीही तेवढ्यापुरतीच, हिवाळ्यात गळून जाते. तरंगत्या पानांवर चार काड्यापानं टाकली की झालं घरटं. त्यात साधारण चार चकचकीत तपकिरी अंडी. ती घालून मादी निघते दुसऱ्या नराकडे! पुढचे जवळजवळ २६ दिवस अंडी उबवायची आणि मग पिल्लं सांभाळायची, ती एकट्या बापाने. (हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या होत्या, "बरं आहे बाई तिचं.") पाणी चढलं की हा बाबा चोच आणि छातीच्या मधे अंडं धरून दुसरीकडे हलवतो. पाण्याशी तो झगडेल हो, पण जेसीबीशी कसा झगडणार? त्याची ती लांबच लांब बोटं वजन पसरवून पानावर चालण्यासाठी आहेत. पानच नाही तर काँक्रीटवर त्यांचं काय करायचं?

आता तुम्ही म्हणाल, जलपर्णी वाढू द्यायची का? मुळीच नाही. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली पाहुणी, सगळं पाणी झाकून टाकते. कमळपक्षी कधीकधी तिच्यावरही घरटं करतो, तरी ती काढायलाच हवी. पण जलपर्णी आणि कमळ यांना एकाच मापाने 'घाण' म्हणायचं? भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांत (मामा म्हणजे माजी मालगुजारी, आपले मामा नव्हेत!) ढिवर मच्छीमारांनी बेशरम उपटली आणि पाण्यातल्या देशी वनस्पती हाताने लावल्या. माशांना अंडी घालायला आणि पोसायला त्या लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे मात्र स्वच्छ म्हणजे रिकामं. न्हाणीघरातल्या बादलीसारखं!

तर काका, तुम्ही समितीवर आहात. पुढच्या वर्षी मशीन बोलवायचंच असेल तर वैशाखात बोलवा, पाणी उतरलेलं असताना. तेही फक्त जलपर्णीसाठी. पलीकडच्या देवळाकडचा कोपरा तसाच सोडा, कमळाचे कंद कुठून आणायचे ते मी बघते. कारंजं राहू दे हवं तर.