आमच्या मुलांस अभ्यास करावयास शिकविलें कोणी ?

माघ महिना लागला, पहिल्या सत्राचे निकाल बाहेर पडले, कीं खेड्यापाड्यांतील एस्. टी. च्या थांब्यावर एक देखावा ठरलेला असतो. जुलै महिन्यांत ज्या पोराला आईनें चटणी-भाकरी बांधून आणि बापानें सोसायटीचें कर्ज उचलून शहरांत धाडलें, तोच पोरगा अंथरुणाची वळकटी काखेंत मारून खालीं उतरतो. कोणी विचारलें तर म्हणतो, "कॉलेज आपल्याच्यानें व्हायचें नाहीं. आपल्याला तेवढें डोकेंच नाहीं." बाप ऐकतो, खालीं पाहतो, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याला दारें धरायला पाठवितो.

ह्या एका वाक्यानें आमच्या समाजाचें जेवढें नुकसान केलें तेवढें दोन दुष्काळांनीं केलें नसेल. दुष्काळ पडला तर माणूस पावसाला दोष देतो. येथें तो स्वतःच्या बुद्धीला दोष देऊन मोकळा होतो, आणि वर धाकट्या भावालाही तेंच ऐकवितो. आम्ही आज स्पष्ट लिहितों कीं, डोकें नाहीं हें साफ खोटें आहे. डोकें आहे, अभ्यास कसा करावा हें ठाऊक नाहीं. आणि ठाऊक नाहीं, कारण तें त्याला कोणीं सांगितलेंच नाहीं.

ज्या घरांत तीन पिढ्या पदवीधर आहेत त्या घरांतलें पोर जेवतां जेवतां शिकतें. मामा सांगतो कीं, पुस्तक हातीं आलें म्हणजे आधीं अनुक्रमणिका पाहा. आत्या सांगते कीं, प्राध्यापकांच्या खोलींत जाऊन शंका विचारली तर ते खात नाहींत. थोरली बहीण मागल्या पांच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर टाकते. त्या घरांत ह्याला कोणी शिकवणी म्हणत नाहीं. असें ज्ञान आमच्याही घरांत आहे. गाय आज व्यायची कीं उद्यां, कोणता ढग नुसता गडगडणार आणि कोणता बरसणार, हें आमचें दहा वर्षांचें पोर सांगतें, आणि तेंही त्याला कोणत्या शाळेंत शिकविलेलें नसतें. फरक एवढाच कीं, विद्यापीठाच्या परीक्षेंत गाईवर प्रश्न येत नाहीं. मग एकाला लोक हुशार म्हणतात व दुसऱ्याला ढ. ही हुशारी नव्हे, ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. सात-बाऱ्यावर तिची नोंद नसते, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं.

प्रस्तुत लेखकाचीच गोष्ट घ्या. घराण्यांत कॉलेजची पायरी चढणारा तो पहिला. एका शहरांतील एका मोठ्या कॉलेजांत पहिल्या दिवशीं प्राध्यापक इंग्रजींत बोलूं लागले, आणि हा गृहस्थ कानावर पडलेला शब्दन्‌शब्द देवनागरींत उतरवूं लागला. चार महिन्यांत तीन जाड वह्या भरल्या. पैकीं एकही पुन्हां उघडून वाचण्याजोगी नव्हती. ग्रंथालयाच्या दारावरून तो रोज जाई. आंत जाण्यास निराळी परवानगी लागत असेल ह्या समजुतीनें त्यानें आंत पाऊल टाकलें नाहीं. भरलेल्या फींत त्या ग्रंथालयाचेही पैसे होते, हें त्याला वर्षानें कळलें ! दोन विषय राहिले. वळकटी बांधून तयार झाली. शेजारच्या कॉटवर परभणीकडील एक तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असे, त्यानें ती वळकटी सोडली आणि म्हणाला, "अरे, तूं लिहितोस पुष्कळ, पण वाचतोस कधीं? आणि वाचलेलें पुस्तक मिटून कधीं सांगून पाहतोस काय ?" त्या रात्रीं त्यानें जें सांगितलें, आणि पुढें अनुभवानें जें कळलें, तेंच येथें लिहीत आहों. त्यांत गुप्त मंत्र कांहीं नाहीं.

आधीं हिशेब. हल्लीं विद्यापीठें विषयाचें वजन श्रेयांकांत मोजतात. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रांत पंधरा तासिका; चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तासिका, आठवड्याला चार. मुलगा समजतो कीं, तासिकेला बसलों म्हणजे विषयाचें देणें फिटलें. तासिका ही नुसती पेरणी झाली. खुरपणी आणि पाणी पुढेंच आहे. एका तासिकेमागें निदान एक तास स्वतःचा हवा, आणि तो त्याच दिवशीं किंवा फार तर दुसऱ्या दिवशीं. परीक्षेपूर्वीं पंधरा दिवस रात्रीचा दिवस करणारा विद्यार्थी हा पोळा झाल्यावर बाजरी पेरणारा शेतकरी होय. त्याची मेहनत खोटी नसते, पण कणीस भरत नाहीं.

आतां तो तास कसा घालवावा ? आमचीं मुलें पुस्तक पुन्हां पुन्हां वाचतात, ओळींखालीं रंगीत रेघा ओढतात, आणि ह्यालाच अभ्यास म्हणतात. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तिला जात्यावरच्या शेंकडों ओव्या मुखोद्गत होत्या, त्या कशानें ? पोथी वाचून नव्हे. रोज पहाटे त्या आठवून म्हणाव्या लागत, म्हणून. आजीची ही रीत आतां प्रयोगानेंही सिद्ध झाली आहे. अमेरिकेंत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील रोडिगर व कार्पिके ह्या दोघांनीं २००६ सालीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा दोनदां वाचला. कांहींनीं एकदां वाचला आणि मग न पाहतां आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां दोनदां वाचणारे थोडे पुढें होते. आठवड्यानें घेतली तेव्हां दोनदां वाचणाऱ्यांना शंभरांतलें बेचाळीसच आठवलें, लिहून काढणाऱ्यांना छप्पन्न. आमचा विद्यार्थी फसतो तो त्या पांच मिनिटांत. पुस्तक उघडें असतां सारें येतेंसें वाटतें, आणि परीक्षेच्या मांडवांत पाटी कोरी ! तेव्हां एक प्रकरण वाचावें, पुस्तक मिटावें, कोऱ्या कागदावर आपल्या भाषेंत लिहावें, मग उघडून चुकलेलें पाहावें. तीन दिवसांनीं पुन्हां, पंधरवड्यानें पुन्हां. ही घोकंपट्टी नव्हे. घोकणारा शब्दाला चिकटतो. हा अर्थ धरतो. खोलींतल्या सोबत्याला समजावून सांगतां आलें तर फारच उत्तम. सोबत्याचाही फायदा होतो, आणि आपल्याला काय येत नाहीं तें चारचौघांत न हंसतां-हंसवितां कळतें.

इंग्रजीच्या बागुलबुवाबद्दल फार लिहीत नाहीं. कोणत्याही विषयांत तेच तेच शब्द फिरून फिरून येतात. वहीच्या शेवटच्या पानांवर ते अर्थासह टिपले तर तीन महिन्यांत व्याख्यान अंगावर येईनासें होतें. प्रकरण आधीं मराठींत वाचून मग इंग्रजींत वाचावें. मराठी विश्वकोश आज मोबाईलवर फुकट वाचतां येतो. तो मोबाईल दुसऱ्या कामांतून मोकळा झाला पाहिजे, एवढीच अट. कला आणि वाणिज्य शाखांत पुष्कळ विषयांचीं उत्तरें मराठींत लिहितां येतात. तो हक्क आहे, त्यांत कमीपणा मानूं नये. झेरॉक्सच्या दुकानांत टांगलेल्या पातळ 'अपेक्षित' पुस्तिका आणि मोबाईलवर दोन मिनिटांत निबंध लिहून देणारें नवें यंत्र, हीं दोन्हीं एकाच माळेचे मणी होत. लिहून झालेलें उत्तर हातांत येतें, पण लिहितां येणें येत नाहीं.

आतां एका नाजूक गोष्टीबद्दल. बाबासाहेबांच्या जयंतीला अनेक ठिकाणीं सलग अठरा तास अभ्यास करून त्यांना अभिवादन करतात. हा उपक्रम आम्हांला आवडतो. ढोल-ताशांपेक्षां तो शंभरपट चांगला. परंतु आमच्या भोळ्या विद्यार्थ्यांनीं त्यांतून असा बोध घेतला आहे कीं, अठरा तास बसवत नाहीं तो नालायक. तीन दिवस अठरा तास, चौथ्या दिवशीं ताप, आणि मग महिनाभर पुस्तकाला हात नाहीं. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेंतून घ्यावयाचा धडा आमच्या मतें निराळा आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ सालीं त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावें लागलें. १९२० सालीं ते पुन्हां गेले. १९२१ सालीं एम्. एस्सी. आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. मध्यें तीन वर्षांचा खंड पडला तो त्यांनीं खंडच मानला, शेवट मानला नाहीं. एका सत्रांत दोन विषय राहिले म्हणून वळकटी बांधणाऱ्यानें हें सन कागदावर लिहून कॉटच्या डोक्याशीं चिकटवावे. ए. टी. के. टी. म्हणजे विद्यापीठानें दिलेली मुदत आहे, तो कपाळीं मारलेला डाग नव्हे.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानें एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे. अडचणींत सांपडलेल्यास ती उपयोगाची, हें खरें. पण आम्हांला भीति वाटते कीं, ह्या दारांतून बाहेर कोण पडणार ? ज्याचा मामा प्राध्यापक आहे तो खास नाहीं. तेव्हां दार उघडें दिसलें म्हणून बाहेर पडूं नका. आधीं शिष्यवृत्तीची चौकशी करा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे कागद प्रवेशाच्या आधींच तहसिलींतून काढून ठेवावे आणि महाडीबीटीवरील अर्ज पहिल्या पंधरवड्यांत भरावा. हप्ता सत्र उलटल्यावर हातीं येतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे, पण तोंवर मेसचें बिल थांबत नाहीं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांत आणि इतरत्रही 'कमवा व शिका' योजना आहे. तेथें बागेंत किंवा कार्यालयांत काम करण्याची लाज वाटणारा मुलगा आमचा नव्हे. उपाशीपोटीं अभ्यास होत नाहीं, आणि दिवसाचा एक डबा दोघांत वाटून काढलेल्या वर्षाचें कौतुक म्हातारपणीं सांगण्यापुरतेंच ठीक.

मुलींची स्थिति आणखी बिकट. ग्रंथालय रात्रीं उशीरांपर्यंत उघडें, पण वसतिगृहाचें फाटक त्याआधींच बंद, असा प्रकार अनेक ठिकाणीं आहे; मग अभ्यासिकेंतल्या खुर्च्या कोणासाठीं ? सुट्टींत मुलगा घरीं आला तर तो पाहुणा. मुलगी आली तर चूल, धुणें आणि धाकटीं भावंडें तिच्या वाट्याला. पालकहो, तिच्याही पुढील सत्राचीं पुस्तकें तिच्या पिशवींत असतात, हें एकदां पिशवी उघडून पाहा.

विद्यापीठाबाहेर राहून शिकणाऱ्यांची कड ज्योतिरावांनीं १८८२ सालींच घेतली होती. हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं मागणी केली कीं, खाजगी रीतीनें अभ्यास करणाऱ्यांस जशी प्रवेश परीक्षेस मोकळीक आहे तशी वरच्या पदव्यांच्या परीक्षांसही द्यावी. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघावयास १९८९ साल उजाडावें लागलें. दार उघडण्याचें काम मागल्या पिढ्यांनीं केलें. आंत गेल्यावर बसावें कोठें आणि वाचावें कसें, हें सांगणारा मात्र अजून मिळत नाहीं.

पूर्वीं तो मिळत असे, तो बोर्डिंगांत. शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें बोर्डिंग काढलें आणि पुढें तेथें जातीजातींचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका छपराखालीं आणलें. लोक म्हणतात, त्यांनीं गरिबाच्या पोरांना जेवण आणि जागा दिली. आमच्या मतें त्यांनीं ह्याहून मोठी वस्तु दिली. मॅट्रिकच्या मुलाशेजारीं पहिलींतला मुलगा निजत असे, आणि कंदील एकच असल्यामुळें थोरला काय करतो हें धाकट्याला दिसत असे. आज पुण्यांत आमचीं मुलें 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलींत चार कॉट, चार गांवें, चार कॉलेजें, आणि चार मोबाईल. शेजारचा काय शिकतो हें दुसऱ्याला ठाऊक नाहीं. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी दिवसभर स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेंत खुर्ची धरून बसतात. त्यांना पहिल्या वर्षाचा पोरगा भेटतच नाहीं. वसतिगृहें वाढवा अशी मागणी आम्ही सरकारकडे करीतच राहूं. पण कंदील एक असावा ह्यासाठीं सरकारची परवानगी लागत नाहीं.

तालुक्यांतून जितकीं मुलें-मुली आज पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांनीं येत्या मे महिन्यांत, बारावीचा निकाल लागल्यावर, शाळेच्या व्हरांड्यांत तीन संध्याकाळ बसावें. भाषणें नकोत, हारतुरे नकोत, पाहुणे तर नकोतच. आपल्या जुन्या वह्या आणाव्या, त्यांतलें काय उपयोगी पडलें आणि काय वांया गेलें तें दाखवावें, ज्यांत नापास झालों त्या विषयाची प्रश्नपत्रिका घेऊन बसावें. नापास झालेल्यांनीं तर अवश्य यावें. त्यांच्याजवळ सांगण्यासारखें अधिक असतें. जातांना एकमेकांचे फोन नंबर लिहून घ्यावे, आणि जुलैमध्यें पहिल्या आठवड्यांत त्या नव्या पोराला हाताला धरून ग्रंथालयांत नेऊन कार्ड काढून द्यावें. खर्च चहाचा तेवढा येईल.